लेदामोचं जाकीट

लेदामोच्या अंगावर जाकीट आलं आणि त्याच्या परसातल्या वेसेची पानं गेली, हे दोन्ही एकाच महिन्यात झालं. गावात ज्याला डोळे होते त्याला ते दिसत होतं. मला तर सगळ्यांच्या आधी दिसलं, कारण त्याच्या आणि माझ्या परसांमध्ये नुसतं बांबूचं कुंपण आहे आणि तेही जागोजागी मोडलेलं. लेदामो माझा धाकटा दीर. मी फयिसे, त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली.

खालच्या गरम गावातली माणसं वर आमच्याकडे आली की केळीसारख्या दिसणाऱ्या वेसेच्या झाडाकडे मान वर करून केळ्याचा घड शोधतात. घड नसतो. आम्ही खातो ते दांड्यांतलं आणि जमिनीतल्या गड्ड्यातलं. झाड पाच-सहा वर्षं वाढवायचं, फुलावर यायच्या आत उपटायचं, दांडे फळीवर खरवडायचे, गड्डा किसायचा आणि सगळा लगदा पानं अंथरलेल्या खड्ड्यात दाबून आंबवायचा. मग त्याच्या भाकरी वर्षभर पुरतात. पाऊस पळाला, मका करपला, तरी ज्याच्या परसात वेसे उभं आहे त्याच्या घरात पोर उपाशी निजत नाही. लावायचं बाप्यांनी आणि खरवडायचं बायकांनी. खरवडायची जागा घराच्या मागे असते आणि तिथे बाप्या फिरकत नाही. फिरकला तर लगदा नासतो म्हणतात. मी काही नासलेला पाहिला नाही, पण फिरकलेला बाप्याही पाहिला नव्हता.

दानुरे, म्हणजे लेदामोची बायको, दोन्ही पोरींना घेऊन माहेरी गेली होती. तिचा बाप आजारी होता. तो दीड महिन्यानं गेला आणि मग दुःखाचे दिवस, भावांच्या वाटण्या, असं करत तिला चार महिने लागले. जाताना ती कुंपणाशी येऊन मला सांगून गेली होती.

"जाऊबाई, मागची आठ मोठी झाडं यंदा काढायची हायती. आमचा खड्डा तळाला लागलाय. मी आले की काढीन. तोवर जरा ध्यान ठेवा."

"जा गं बाई निवांत. झाडं काय पळून जात्यात?"

झाडं पळाली नाहीत, हे खरं.

खाली सडकेवर नशेसाठी चघळायच्या पाल्याचे ट्रक उभे राहतात. तो पाला शहरात पोचेपर्यंत हिरवा आणि ओला राहावा लागतो, आणि त्याच्या जुड्या बांधायला वेसेच्या पानासारखं दुसरं काही नाही. आधी व्यापारी ती पानं सडकेच्या कडेच्या गावांतून घेत. तिथली परसं बोडकी झाली तेव्हा ते वर चढले. लेदामोनं पहिल्या दिवशी खालची जुनी पानं कापली. तेवढी आम्हीही कापतो, गायीला घालतो. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मधली कापली. मग नवीन पान उलगडलं रे उलगडलं की याचा कोयता पडायचाच. शेवटी प्रत्येक झाडाच्या टोकाला गुंडाळलेली एकच सुरळी उभी राहिली, भाल्यासारखी.

त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? गेल्या वर्षी शेतकी खात्याची एक बाई आली होती. शाळेच्या अंगणात तिनं घेवड्याच्या एका पानावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. तीन दिवसांनी सगळ्यांना बोलावलं, ते पान स्पिरिटमध्ये उकळून पांढरं केलं आणि वर जखमेला लावायचं तपकिरी औषध टाकलं. पट्टीखालचा भाग होता तसा राहिला. ऊन लागलेलं बाकीचं पान निळंकाळं झालं. "काळं दिसतं तिथं अन्न आहे," बाई म्हणाली. "पान उन्हावर स्वयंपाक करतं. पाणी मुळं देतात, हवा ते स्वतः ओढतं, आणि शिजलेलं सगळं खाली पाठवतं. तुमच्या वेसेचा गड्डा म्हणजे कणगी. चूलच काढून नेलीत तर कणगीत काय पडणार?"

लेदामो मागे उभा होता. तो म्हणाला, "बाई, पानं म्हंजी झाडाची कापडं. कापडं काढली म्हणून कोण मरतंय व्हय?"

सगळं अंगण हसलं. मीही हसले. दानुरे तेवढी हसली नव्हती.

आता माझं सांगते. सांगायला नको वाटतं, पण मी ते सोडून बाकीचं सांगू लागले तर तुम्ही मला ओळखलंच नाही असं होईल.

पानं कापायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लेदामो माझ्या दारात आला. जाकीट अंगात होतं. काळं, चमकणारं, छातीवर दोन साखळ्या. हातात निळ्या कागदाचा साखरेचा पुडा आणि एक साबणाची वडी.

"वहिनी, हे ठेव. म्हातारीला काय बोलू नगंस. दानुरे येईस्तोवर पानं परत येत्यात."

मी ठेवलं. आम्ही कॉफीत मीठ घालतो, लोण्याचा गोळा घालतो. साखर आमच्याकडे लग्नात दिसते. मी घरात एकटी बाई, कोण मला साखर आणून देणार? त्या दिवशी मी कॉफीत दोन चमचे घातली आणि मूग गिळून बसले. पुडा संपला की दुसरा यायचा.

सासूबाई लेदामोकडेच राहायच्या. त्यांची नजर गेलेली, पण कान तसे शाबूत. दानुरे नसताना त्यांचं खाणंपिणं मीच बघत होते. एका दुपारी मी त्यांना कॉफी दिली तेव्हा त्या मान वळवून मागच्या दाराकडे कान लावून बसल्या होत्या.

"थोरले, वारं सुटलंय न्हवं?"

"सुटलंय की, आत्याबाई."

"मग मागं सळसळ का न्हाई?"

"गायी खात्यात पानं. गवत कुठं हाय यंदा?"

कॉफीचा घोट घेऊन त्यांनी ओठ चाटले. "गोड लागतीया."

"पाव्हणे आलते, त्यांनी आणली साखर."

"पाव्हणे," त्या म्हणाल्या आणि सगळी कॉफी प्याल्या.

दानुरे परतली त्या दिवशी दाट धुकं होतं. धाकटी पोर पाठीवर, थोरली हात धरून. ती घरात गेलीच नाही. पोरींना अंगणात उतरवून थेट मागे गेली. मी कुंपणाच्या फटीतून बघत होते. ती एकेका झाडापाशी जाऊन उभी राहायची, कापलेल्या दांड्यावर अंगठा ठेवायची आणि पुढे जायची. आठव्या झाडाशी ती वाकली, माती उकरली, सुरीनं गड्ड्याचा एक तुकडा काढला आणि दाबला. चांगल्या गड्ड्याचा तुकडा दाबला की पांढरं दूध येतं, बोटाला चिकटतं. याचं पाणी आलं आणि बोटांवरून ओघळून गेलं. तिनं तो तुकडा तोंडात घालून चावला आणि थुंकला.

मग ती कुंपणाकडे आली. मला मागे सरायला वेळ मिळाला नाही.

"जाऊबाई, तुमास्नी दिसलं न्हाई व्हय?"

"मी तापानं पडले होते गं," मी म्हणाले. "महिनाभर उठता येत नव्हतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. बापाच्या दुःखात तिचा चेहरा वाळून गेला होता, गालाची हाडं वर आली होती. "व्हय," एवढंच ती म्हणाली.

लेदामो संध्याकाळी आला. आमच्या दोन घरांत बोललेलं सगळं ऐकू येतं, ऐकायची इच्छा असो वा नसो.

"तुमी हे काय केलंत?"

"काय केलं? पानं येत्यात की परत."

"येतील. पण आणतील कुठनं? गड्ड्यात जे साठलंय तेच खाऊन वर येतील. माझ्या पोरींचं खाऊन येतील."

"लई शिकून आलीस माहेरनं."

"खड्डा रिकामा हाय. ह्या आठ झाडांवर वरीस काढायचं होतं. पोरींनी काय खायाचं? आत्याबाईंनी काय खायाचं? तुमचं जाकीट?"

"मग काय करतीस?" तो हसला. "पोलिसात जातीस का पानांसाठी?"

खुंटीवरून काही काढल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती लग्नातली काठी हातात धरून बाहेर पडली. आमच्यात प्रत्येक लग्न झालेल्या बाईला अशी काठी मिळते. एरवी ती खुंटीवर काळी होत बसते. बाई ती घेऊन उंबरा ओलांडते तेव्हा बाप्यांनी वाटेतून बाजूला व्हायचं असतं.

दुपारपर्यंत यक्का जमली. यक्का म्हणजे गावातल्या सगळ्या लग्न झालेल्या बायका, एकत्र बसलेल्या. मोठ्या झाडाखाली वीस-बावीस जणी, काठ्या मांडीवर, मध्ये गाब्बारे आजी. गाब्बारे आजीला दात तीनच आहेत पण तिच्यापुढे सरपंचाचीही जीभ जड होते. मी पण काठी घेऊन गेले. न जाऊन कसं चालेल?

दानुरेनं रडून सांगितलं नाही. एकेका झाडाचं वय सांगितलं, कोणतं झाड कोणत्या पोरीच्या जन्माला लावलं ते सांगितलं, आणि खाली बसली.

गाब्बारे आजीनं तिन्ही दात दाखवले. "कोण खरवडतंय लेदामोच्या घरात?"

"दानुरे," बायका म्हणाल्या.

"आजपास्नं न्हाई. कोण भाकरी थापतंय? कोण चूल पेटवतंय? कुणीच न्हाई. दानुरे, तू पोरी आन् म्हातारीला घिऊन माझ्याकडं ये. गावातली एक बी बाई त्याच्यासाठी खरवडणार न्हाई, भाजणार न्हाई, वाढणार न्हाई. परसात त्याच्या चाळीस झाडं हायती. खाऊ दे की त्याला झाडं."

बायका हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मग कुणीतरी मागून म्हणालं, "फयिसे, तुझ्या कुंपणाला लागून झालं हे. तुला कळलं न्हाई?"

मी तोंड उघडलं. तोच दानुरे म्हणाली, "त्या तापानं पडल्या होत्या."

मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. इतकी मी मूर्ख.

पहिले आठ दिवस लेदामो शीळ घालत हिंडला. सकाळी सडकेवर जाऊन पाव खायचा, चहा प्यायचा, येताना उरलेला पाव जाकिटाच्या खिशात घालून आणायचा आणि बायका दिसल्या की मुद्दाम कुरतडायचा. मग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी घाटातला रस्ता खचला. ट्रक यायचे थांबले, पाव यायचा थांबला, पानं कुणी घेईना. तशीही कापायला पानं राहिली नव्हती.

मग तो घरोघर हिंडू लागला. मित्रांच्या अंगणात जाऊन बसायचा. मित्र मान डोलवायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि आतून बाईचं भांडं आपटलं की उठून गायीकडे जायचे. त्याचा सोबती कावीसो तर त्याला तोंडावर म्हणाला, "तू जा बाबा. तुझ्यापायी माझी बी चूल विझायची."

एका संध्याकाळी तो माझ्या कुंपणाशी आला. दाढी वाढली होती. जाकिटाच्या साखळ्या तशाच चमकत होत्या.

"वहिनी, एक भाकर."

"मला न्हाई जमायचं, लेदामो. यक्कानं सांगितलंय."

"न्हाई जमायचं?" त्यानं आवाज चढवला. "साखर खाताना जमलं की!"

"हळू बोल रे मुडद्या!"

मी आत जाऊन भाजलेल्या जवाच्या दोन ओंजळी भरून आणल्या आणि फटीतून त्याच्या हातात ओतल्या. तो उभ्या उभ्या खाऊ लागला, जनावरासारखा. मला त्याची कीव आली नाही. तो ओरडला तर काय, एवढंच माझ्या मनात होतं.

चार दिवसांनी सकाळी मी चूल फुंकत होते. बाहेर धुकं इतकं की कुंपणही दिसत नव्हतं. आणि पलीकडून आवाज आला. खर्र, मग थांबून परत खर्र. फळीवर बांबूची पट्टी घासल्याचा आवाज आम्ही पोटात असल्यापासून ऐकतो. बाईचा हात चालतो तेव्हा तो लांब आणि एकसारखा येतो, मध्ये थांबत नाही. हा आवाज तुटक होता, जोर जास्त आणि काम कमी. कान देऊन ऐकलं तेव्हा मध्ये एक शिवीही ऐकू आली.

मी चूल तशीच सोडली आणि गाब्बारे आजीच्या घराकडे धावले. कशासाठी धावले, ते मला चांगलं माहीत होतं. पहिली बातमी मी आणली म्हणजे मी यक्काची. त्याच्या हातावर जव ओतणारी मी नव्हेच.

आम्ही बावीस जणी धुक्यातून त्याच्या परसात शिरलो. सासूबाईंना दानुरेनं हाताला धरून आणलं होतं. कुणी काही बोललं नाही. पायाखाली चिखल होता, त्यामुळे पावलं वाजली नाहीत. तो दिसला तेव्हा आम्ही त्याच्यापासून दहा हातांवर होतो.

लेदामो बायकांच्या जागेवर ढुंगण टेकून बसला होता. समोर तिरकी फळी. दांडा फळीवर धरून ठेवायला एक पाय वर उचलून टाच त्याच्यावर दाबली होती, जशी आम्ही दाबतो. पण आम्हाला आया लहानपणी शिकवतात, आमच्या कमरेला ते माहीत आहे. याची टाच घसरत होती, दांडा निसटत होता. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, मांडीवर धागे चिकटलेले. हात मनगटापर्यंत तपकिरी झाले होते. वेसेचा चीक कपड्याला लागला की निघत नाही. त्यानं जाकीट काढायला पाहिजे होतं. थंडीमुळे काढलं नव्हतं, आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत डागाळल्या होत्या.

बाजूला तीन झाडं उपटून पाडली होती, दानुरेच्या आठांपैकी सगळ्यात उंच तीन.

गाब्बारे आजी खाकरली.

त्यानं मान वर केली. पाय तसाच वर. त्याचं तोंड उघडं राहिलं. मग आमच्यातली एक तोंडावर पदर धरून फिदीफिदी हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"चालू दे, चालू दे," गाब्बारे आजी म्हणाली. "कंबर जरा हलव, नवरी हायस न्हवं?"

तो उठायला लागला.

"बस!" ही दानुरे होती. "अर्ध्यावर सोडायचं नसतं. आम्ही सोडतो व्हय? पोर रडू दे, अंगावर ताप असू दे, हातात घेतलेलं झाड संपवून उठतो. बस खाली."

नवऱ्याला ती कधी अरेतुरे करत नव्हती. त्या दिवशी केलं आणि पुढेही तेच राहिलं. तो बसला. कुंपणापलीकडे दोन-चार बाप्ये जमले होते. पण काठी घेतलेल्या बायकांमधून कोण येणार?

आम्ही त्याच्याकडून तिन्ही झाडं संपवून घेतली. दुपार झाली. त्याचे तळवे सोलले. गड्डे किसताना रक्त आलं तेव्हा एकीनं त्याला चिंधी दिली, गाठ मारून दिली नाही. शेवटी सगळा लगदा कापडात घालून त्यानं पिळला. पिळलेलं पाणी लाकडी भांड्यात निवळायला ठेवलं. चांगल्या झाडाचं पाणी निवळलं की तळाला पांढरं शुभ्र पीठ बसतं, चार बोटं जाड. आम्ही सगळ्या भांड्याभोवती उभ्या राहिलो. वरचं पाणी ओतलं. तळाला पांढरट साय होती, बोटानं पुसली तर निघून जाईल एवढी. कापडात उरला तो सगळा धागाच, आणि त्यात मूठभर ओला लगदा.

दानुरेनं ती मूठ आपल्या तळहातावर घेतली आणि त्याच्या नाकापुढे धरली.

"सहा वरसं वाढवली. तीन झाडं. धर. पोरींना वाढ."

तो तिच्या तळहाताकडे बघत राहिला. मला वाटतं, तेव्हाच त्याला ते समजलं. शेतकी बाईच्या पानावर काळं पडलेलं त्यानं बघितलं होतं, पण ते दुसऱ्याचं पान होतं. हे त्यानं स्वतः सकाळपासून खरवडलं होतं आणि त्याच्या पोटात काही नव्हतं.

"चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला ठावं हाय. शाळेच्या अंगणात तू बोलला होतास. पानं म्हंजी झाडाची कापडं. कापडं काढली म्हणून कोण मरतंय?" तिनं मूठ भांड्यात झटकली. "काढ मग."

"काय?"

"कापडं काढ."

कुणी हसलं नाही. धुकं परत खाली उतरत होतं. आमच्या उंचीवर त्या दिवसांत पाणीसुद्धा हाताला चावतं.

"दानुरे, बाप्ये बघत्यात."

"बघू देत."

गाब्बारे आजीनं काठी जमिनीवर आपटली. मग बावीस काठ्या आपटल्या. त्यानं जाकीट काढलं. सदरा काढला. बूट काढले, पँट काढली. एका चड्डीवर तो आपल्या बोडक्या झाडांच्या मध्ये उभा राहिला, हात छातीशी घेऊन. मी त्याला लग्नाआधीपासून ओळखते. तो इतका बारीक आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

"मेलास का?" दानुरेनं विचारलं.

"न्हाई."

"मग उभा ऱ्हा."

बायकांनी तिथेच तीन दगड मांडून कॉफी चढवली. आम्ही घोंगड्या घेऊन भोवती बसलो. कॉफी भाजली, कुटली, उकळली. घाई कुणी केली नाही. त्याचे दात वाजू लागले ते आम्हाला ऐकू येत होतं. नखं निळी पडली. पायाची बोटं तो चिखलात आत-बाहेर करत होता. सासूबाईंनी मान वळवली.

"कुणाचे गं दात वाजत्यात?"

"तुमच्या लेकाचे, आत्याबाई."

"वाजू देत," त्या म्हणाल्या. "पानांची सळसळ न्हाई तर दातांची तरी."

"दानुरे, बास कर," तो रडकुंडीला आला. "ऊब न्हाई गं अंगात."

"येती की परत," दानुरे म्हणाली.

कॉफी वर आली तेव्हा तिनं सदरा आणि पँट त्याच्याकडे फेकली. जाकीट दिलं नाही. एक बांबू परसाच्या मधोमध रोवून त्यावर ते टांगलं, बाह्या पसरून. "पत्येक झाडाला आठ-आठ पानं झाली की काढून घे. त्याच्या आधी हात लावलास तर परत हितंच बसवीन. आन् आता रोज सकाळी ह्या झाडांना शेण घालायचं, तुझ्या हातानं." गाब्बारे आजीनं मान हलवली. म्हणजे ते ठरलं.

मला वाटलं, झालं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी घोंगडी सैल करून बसले.

दानुरे कॉफीच्या वाट्या देऊ लागली. आधी गाब्बारे आजीला, मग सासूबाईंना, मग वयानं एकेकीला. प्रत्येकीच्या वाटीत मीठ आणि लोण्याचा तुकडा. माझी वाटी तिनं आणून माझ्या हातात दिली आणि समोर उकिडवी बसली. मी घोट घेतला. साखर. दोन चमचे नाही, वाटीभर असावी, कॉफी घट्ट झाली होती. मी वर बघितलं. तिच्या मांडीवर निळ्या कागदाचा पुडा होता. लेदामोच्या घरात तसाच एक होता म्हणायचा.

"गोड हाय न्हवं, जाऊबाई?" ती हळू म्हणाली. "तापात तोंड कडू पडतं. म्हणून घातली."

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "फयिसेला गोडच आवडतंय. मला बी पाजली होती. पाव्हण्यांनी आणलेली."

बावीस वाट्या हवेत थांबल्या. लेदामोनंही मान खाली घातली, बिचारा. मला वाटलं, जमीन फाटावी. ती फाटली नाही, फक्त पायाखालचा चिखल थंड लागत होता.

"आठ पानं यायला महिने लागतील," दानुरे म्हणाली. तिनं आवाज वाढवला नव्हता. "झाड भरायला दोन वरसं. मी, दोन पोरी, आत्याबाई. दोन वरसं आम्ही तुमच्या खड्ड्यावर जेवणार. आन् हा बी. ह्याला तुमीच वाढायचं. तुमचा त्याचा एकच धंदा होता, एकाच ताटात जेवा."

मी गाब्बारे आजीकडे बघितलं. ती आपल्या कॉफीत बघत होती. मग म्हणाली, "उघड खड्डा."

मी उठले. कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले, दगड सरकवले, वरची पानं बाजूला केली. माझा लगदा चांगला आंबला होता, पांढरा, आंबूस वासाचा. तीन वर्षं पुरेल म्हणून मी दाबून ठेवला होता. बायकांनी एकामागून एक टोपल्या भरल्या आणि मी वाकून त्यांना देत राहिले. कंबर मोडून आली तेव्हाही कुणी "राहू दे" म्हणालं नाही.

आता परसात पानं आली आहेत. प्रत्येक झाडाला आठ व्हायला पाच महिने लागले. वारा सुटला की सासूबाई मागच्या दारात जाऊन बसतात. जाकिटावर बुरशी आली, बाह्यांत कोळ्यांनी घर केलं. लेदामो त्याच्या बाजूनं शेणाची पाटी घेऊन जातो, पण ते काढून घेत नाही. दोन्ही वेळा माझ्या चुलीपाशी येऊन बसतो. मी वाढते, तो खातो, आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

दानुरे रोज सकाळी माझ्याकडे कॉफीला येते. पोरींना आणते, म्हातारीला आणते. सगळ्यांच्या वाटीत मीठ घालते आणि माझ्या वाटीत साखर. पुडा संपला की कुठून कोण जाणे, नवीन आणते. मी तळापर्यंत पिते. ती वाटीत डोकावून बघते आणि मगच उठते.